बाबांचा होकार

गुंतागुंतीच्या व्यवस्थांवर आमच्या कॉलेजात एक ऐच्छिक विषय आहे. तो शिकवायला कोणी तयार नव्हतं, म्हणून माझ्या गळ्यात पडला. विद्यार्थी भौतिकशास्त्राचे, संगणकाचे, दोन-चार अर्थशास्त्राचे. मुंग्यांची रांग, सीताबर्डीचा ट्रॅफिक, माणसाचा मेंदू, अशा हजारो सुट्या भागांनी मिळून चालणाऱ्या गोष्टींत एकाचं दुसऱ्याला कळतं कसं, हे समजून घ्यायचं तर आधी ‘कळणं’ मोजता आलं पाहिजे. म्हणून आमचा पहिला धडा माहिती सिद्धांताचा असतो.

तो धडा मी झोकात शिकवतो, हे आधीच सांगून टाकतो. वर्गात शिरता शिरता म्हणतो, “समजा मे महिना आहे आणि मी सांगितलं की आज नागपुरात कडक ऊन आहे. काय मिळालं तुम्हाला?” पोरं म्हणतात, काही नाही सर. “आणि बर्फ पडून राहिला म्हणालो तर?” पोरं हसतात, पण एक-दोघं तरी खिडकीकडे पाहतातच. मग मी सांगतो की ऐकण्याआधी मनात किती अनिश्चितता होती आणि ऐकल्यावर किती उरली, या दोहोंतला फरक म्हणजे माहिती. जे होणारच होतं ते झाल्याचं कळलं, तर पदरात काही पडत नाही.

त्यानंतर खेळ. एकानं मनात कुठलीही वस्तू धरायची, मी फक्त हो-नाहीचे प्रश्न विचारणार. कच्चा खेळाडू विचारतो, “हत्ती आहे का?” नाही म्हटलं की प्रश्न वाया. मुरलेला विचारतो, “जिवंत आहे का?” उत्तर काहीही येवो, निम्मं जग बाद. असा प्रत्येक प्रश्न बरोबर निम्म्यावर पाडता आला तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून जास्त गोष्टींमधून एक हुडकता येते. अशा एका प्रश्नाच्या उत्तरात जेवढी माहिती असते तिला एक बिट म्हणायचं. मी सहसा पंधरा-सोळा प्रश्नांत वस्तू ओळखतो आणि मग खडू टेबलावर ठेवून हात झटकतो. माझ्या बायकोनं एकदा हा प्रकार घरी पाहुण्यांसमोर पाहिला आणि म्हणाली, “तुमचं नाक किती वर जाते माहीत आहे का?”

गेल्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्यांना सगळं समजत होतं, पण शब्द बाहेर यायचा नाही, लिहायला घेतलं तर अक्षरंही जुळायची नाहीत. एक तेवढा ‘हो’ उरला होता. नाही म्हणायचं तर मान हलवायची. बाबा नागपूरबाहेर बुटीबोरीला राहायचे, आई गेल्यापासून एकटेच, दोन खोल्यांच्या स्वतःच्या घरात. तिथल्याच एका सूतगिरणीत त्यांची नोकरी झाली होती. दवाखान्यातून त्यांना मी थेट नागपुरात मानेवाड्याला, माझ्या फ्लॅटवर आणलं. ते बरोबरच होतं, असं मला आजही वाटतं.

बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं की त्यांना लांबलचक विचारू नका, हो-नाहीत उत्तर येईल असं विचारा. मी मनात म्हणालो, बाई, हे तुम्ही कोणाला सांगताय! घरी येऊन एका मोठ्या कागदावर मी प्रश्नांचं झाडच काढलं. शरीराचं काही आहे का? हो. दुखतं आहे का? नाही. गरम-थंडाचं आहे का? हो. पंखा? हो. कमी करू? हो. पाच प्रश्नांत पंखा दोनवर आला. कागद मी त्यांच्या पलंगासमोरच्या भिंतीला चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटलो. आजारी माणसाचं काही समजत नाही म्हणून लोक रडतात, इथं पाहा, पद्धत असली की कसं सोपं जातं.

पहिले काही आठवडे बाबा बऱ्याच प्रश्नांना मान हलवायचे. मग मी झाडाच्या दुसऱ्या फांदीवर जायचो, तिथून तिसऱ्या. हळूहळू ‘हो’ वाढत गेले. मला वाटलं, माझे प्रश्न सुधारले. घाईच्या सकाळी तर पहिल्याच प्रश्नाला ‘हो’ यायचा आणि मी वेळेवर कॉलेजला निघायचो.

मोठा प्रश्नही मी असाच विचारला. बहिणीचा मुलगा बुटीबोरीलाच एका कारखान्यात लागला होता, त्याला बायको-लेकरासह राहायला जागा हवी होती. बुटीबोरीचं घर बंद पडून होतं. मी बाबांजवळ बसलो. बाबा, इथं तुम्हाला बरं वाटतं का? हो. आता इथंच राहायचं ना? हो. ते घर भाच्याला राहायला द्यायचं ना? हो. तुमचं सामान काढून आणू? हो. चार प्रश्न, चार होकार. रविवारी टेम्पो ठरला.

त्या आठवड्यात वर्गात खेळ सुरू होता. माझ्या वर्गात नरखेडकडच्या गावातली एक मुलगी आहे. तिच्या घरी संत्र्याची बाग आहे, ती इथं होस्टेलला राहते आणि वर्षभरात वर्गात दहा वाक्यंसुद्धा बोलली नसेल. तिनं हात वर केला.

“सर, समोरचा माणूस सगळ्याच प्रश्नाले हो म्हणत असला तर?”

“खोटं बोलतो असं म्हणायचंय?”

“खोटं नाही सर. म्हणजे... आई रोज फोनवर म्हणते, सगळं ठीक आहे. बाग सुकत होती तेव्हाही तेच म्हणे. मी आता ते ऐकतच नाही. भाजी कोणती केली तेवढं विचारते. मन लावून सांगत बसली तर समजते, घरी खरंच ठीक आहे.”

वर्ग हसला. मलाही हसू आलं, कारण याहून चांगलं उदाहरण मला स्वतःला वीस वर्षांत सुचलं नव्हतं. मी फळ्याकडे वळलो. “उत्तम. गणित करून पाहू. ‘हो’ येण्याची शक्यता एक. ‘नाही’ येण्याची शून्य. मग उत्तर ऐकण्याआधी आपली अनिश्चितता किती? शून्य. ऐकल्यावर? शून्य. म्हणजे असा माणूस दिवसभर हो हो म्हणत राहिला तरी त्याच्याकडून आपल्याला मिळालेली माहिती...” आणि मी थांबलो.

शेवटचा ‘नाही’ बाबांनी मला कधी दिला होता ते मी आठवत होतो. आठवेना. पोरं खाली माना घालून शून्य लिहून घेत होती. एकानं विचारलं, सर बरं नाही का? मी तास तिथंच सोडला.

घरी आलो तेव्हा बायको चहा करत होती. मी तडक बाबांपुढे गेलो. “बाबा, तुमच्या चहात मीठ टाकू?”

“हो,” बाबा म्हणाले.

म्हणजे यांना काही समजतच नाही की काय? इतके दिवस मी भिंतीशी बोलत होतो? मी बायकोला बाहेर बोलावलं आणि म्हटलं, तू विचार, हाच प्रश्न. ती पदराला हात पुसत आली. “मामाजी, चहात मीठ टाकू का?” बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू हिला उन्हाचा त्रास झाला असावा, आणि मान जोरात हलवली. नाही.

“तुला नाही म्हणतात?”

“रोज म्हणतात. वरण नको, टीव्ही नको, हे स्वेटर नको.”

“मग मलाच हो काहून?”

तिला सांगावं की नाही असं झालं होतं. मग तिनं सांगितलं. “तुम्ही कसे विचारता ते पाहिलं का कधी? समोर उभे राहता, हातात घड्याळ. ते नाही म्हणाले की तुमच्या कपाळाले आठी पडते, अन् दुसरा प्रश्न. मग तिसरा. मामाजी तुमच्या तोंडाकडे पाहत राहतात. हो म्हटलं की तुमचा चेहरा खुलते अन् तुम्ही जाता. त्यांनी सोपं केलं तुम्हाला.”

मला राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता हे समजायला मला भिंतीवरच्या कागदाकडे एकदा बघावं लागलं. मी झाड काढलं होतं, फांद्या काढल्या होत्या, पण समोरचा माणूस माझाही अंदाज घेत असेल हे त्यात कुठंच नव्हतं. वर्गात मी घसा कोरडा करून सांगतो की जिवंत व्यवस्थेला प्रश्न विचारला की प्रश्नानंच ती बदलते. माझे बाबा बदलले होते. त्यांना बोलता येत नव्हतं, एक हात चालत नव्हता, आणि देण्यासारखं जे एक उरलं होतं ते ते मला देऊन टाकत होते. मी ते खुशाल घेत होतो. मला माझीच लाज वाटली.

आता खरं कसं काढायचं? पुन्हा विचारलं तर पुन्हा ‘हो’च येणार. बायकोनं विचारून पाहिलं, “मामाजी, इथंच राहायचं ना?” त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि हो म्हणाले. टेम्पोला तीन दिवस उरले होते.

शुक्रवारी दुपारी बाबांचे दोस्त आले. बुटीबोरीला शेजारचं घर त्यांचं. दोघांनी गिरणीत एकाच खात्यात, सूत कातणाऱ्या यंत्रांवर, उभी नोकरी काढली होती. घर रिकामं होणार हे ऐकून भेटायला आले होते, हातात त्यांच्या बायकोनं दिलेल्या सांभारवड्यांचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा. मला वाटलं होतं की बाबांना पाहून ते रडतील. ते पलंगासमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “काय गा, मस्त पडून राहिला तू तं!” आणि मग तोंड बंद करून हातांनी बोलायला लागले.

दोन बोटं एकमेकांवर घासली. पंजा उलटा केला. कानाजवळ मूठ फिरवली. बाबांचा डावा हात मांडीवरून उठला आणि त्यानंही बोटं घासली, पंजा उलटा केला. बाबा हसले. लकव्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होतो. तो डावा हात असा उठायचा, बोटं हलवायचा, हे मी रोज पाहत होतो. मला वाटायचं आजारानं हात थरथरतो.

“काका, हे काय आहे?”

“शेडमधली बोली. तिथं मशीनचा असा आवाज राहे का कानाशी वरडलं तरी ऐकू न ये. मंग हातानंच सारं. धागा तुटला, मशीन बंद कर, सायेब येऊन राहिला, चाल चहाले.” त्यांनी एकेक करून दाखवलं. बंद कर म्हणजे उघडा पंजा समोर धरून ठेवायचा. चालू ठेव म्हणजे बोट गोल फिरवायचं.

मी त्यांना माझी अडचण सांगितली. बाबा मला फक्त हो म्हणतात. खरं काय ते कळत नाही.

ते डबा बाजूला ठेवून म्हणाले, “बाबू, हो म्हणून मान कोणीबी हलवते. नवीन पोट्टे शेडमध्ये येत, घाबरलेले राहत. समजलं का? मान हाले. बंद केली का? मान हाले. अन् मशीन तं सुरूच! एकाचं बोट गेलं तसं. मंग आमीच ठरवलं, तुह्या बाबानं अन् मी. मान मोजायचीच नाई. जे सांगतलं ते त्यानं आपल्या हातानं वापस करून दाखवायचं. दाखवलं तं पोचलं. नाई तं पुन्हा सांगा.”

आवाजाच्या गदारोळात निरोप सुखरूप कसा पोचवायचा यावर मी तीन तास घेतो. निरोप परत मागवा, जुळवून पाहा, जुळला नाही तर पुन्हा पाठवा. तेच माझ्या वडिलांनी कापसाच्या धुरळ्यात, साहेबाला न विचारता शोधून काढलं होतं, आणि मी त्यांना कधी विचारलंसुद्धा नव्हतं की तुम्ही दिवसभर तिथं एकमेकांशी बोलता कसे.

काकांनी बाबांकडे तोंड केलं. जमिनीकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट गोल फिरवलं. इथं, चालू ठेवायचं? “हो,” बाबा म्हणाले.

“तोंडानं नको सांगू. हात.”

हात उठेना. बाबा माझ्याकडे पाहत होते. काकांच्या ते लक्षात आलं. “बाबू,” ते म्हणाले, “तू जरा तिकडं तोंड कर.”

मी पंचेचाळीस वर्षांचा माणूस, प्राध्यापक, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. समोर माझाच कागद होता. शरीराचं काही आहे का, हो, नाही. मग मागून काका म्हणाले, “इकडं पाह्य आता.”

मी वळलो. बाबांचा डावा पंजा उघडा, समोर धरलेला होता. तो पंजा मी ओळखत होतो. रोज जेवताना, संध्याकाळी मी गप्पा मारायला बसलो की, बहिणीचा फोन त्यांच्या कानाला लावला की, तो वर यायचा. मला वाटायचं, पोट भरलं, पुरे झालं.

“बंद कर म्हणून राहिला तो,” काका हळू आवाजात म्हणाले. “घरी जायचं आहे त्याले.”

मला त्यांच्यामार्फत कळून भागणार नव्हतं. मी पलंगापाशी खाली बसलो, बाबांच्या नजरेच्या खाली येईन असा. घड्याळ काढून खिशात टाकलं. जमिनीकडे बोट दाखवलं आणि गोल फिरवलं, वेडंवाकडंच. “बाबा, इथं राहायचं?”

त्यांनी माझा चेहरा नीट पाहून घेतला. मी काय करीन, मला किती लागेल, याचा हिशेब त्यात चाललेला मला पहिल्यांदा दिसला. ओठ हलले, ‘हो’ अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला. मग पंजा वर आला, आणि त्याच्याबरोबर मानही हलली. नाही.

मला रडू फुटलं. बायको आतून विचारत होती, काय म्हणाले? “नाही म्हणाले,” मी सांगितलं आणि आणखी रडायला लागलो. ते पाहून बाबा घाबरले आणि लगेच “हो, हो, हो” करायला लागले. मी त्यांचा हात धरला. “हो नका म्हणू बाबा. बरोबर होतं ते. नाहीच म्हणा.” काका डबा उघडून म्हणाले, “घ्या, वड्या खा, थंड्या होऊन राहिल्या.”

टेम्पो रद्द केला. भाच्याला फोन करून सांगितलं, तो चिडला, मग त्यानं समजून घेतलं. डॉक्टर आधी नको म्हणाले, मग पायऱ्या नाहीत आणि शेजारी माणूस आहे हे ऐकून तयार झाले. दिवसभर एक बाई येते, जेवण काकांच्या घरून येतं, आणि मी आठवड्यातून तीनदा जातो. यात माझी ओढाताण होते. बाबांना आधीसारखी फिजिओथेरपीही रोज मिळत नाही. आम्ही केलं ते शहाणपणाचं होतं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पण बाबा आता मला नाही म्हणतात. भरपूर म्हणतात. मी आणलेली उशी नको, मी लावलेलं चॅनल नको. परवा त्यांची दाढी करून देतो म्हणालो तर पंजा माझ्या नाकापुढे आला. सुरुवातीला प्रत्येक वेळी मला आत कुठंतरी टोचायचं. आता आठी पडायच्या आत मी ती आवरतो, किमान प्रयत्न करतो.

गेल्या रविवारी दुपारी अंगणात आम्ही दोघंच बसलो होतो. मी सहसा चारच्या सुमारास निघतो. त्या दिवशी मला जावंसं वाटत नव्हतं, आणि राहावं का हे विचारायची भीतीही वाटत होती, कारण आता ते नाही म्हणू शकत होते. तरी विचारलं. “बाबा, आज मुक्काम करू का?”

रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याच्याकडे बाबांनी पाहिलं. मग माझ्याकडे. डावा हात मांडीवरून उठला, बोट जमिनीकडे गेलं आणि सावकाश गोल फिरलं.